व्याह्याची एकुलती बाटली

आमच्या वाडीत पोरीची मागणी पक्की होते ती दारूवर. कुणाला ह्यात लाज वाटत असेल तर त्यानं चहा घ्यावा आणि पुढचं वाचू नये.

रीत अशी आहे. मुलाकडची माणसं दारू घेऊन येतात. अंगणात सगळे बसतात. मुलीकडचा सगळ्यात म्हातारा पुरुष पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. नुसतं तोंड वाकडं करून भागत नाही. त्या दारूला त्यानं अशी नावं ठेवायची की समोरच्यांची कानशिलं तापली पाहिजेत. मग ती दारू परत जाते. मुलाकडचे खो खो हसतात, बाहेर जातात, आणि झाडाखाली आधीच झाकून ठेवलेली दुसरी घेऊन येतात. म्हातारा ती दुसरी पितो आणि म्हणतो, "दिली." झालं. पोरगी दिली. पहिल्याच घोटाला जो "दिली" म्हणतो, त्याच्या घरात पोरगी जड झाली होती असं सगळी वाडी धरून चालते. ते बोलणं मग तिच्या पोरांच्या लग्नापर्यंत पुरतं.

नावं ठेवण्यात माझा हात धरणारा कडावपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत कुणी नाही. हे मी स्वतः सांगतोय, कारण बाकीचे जळतात. माझी शाळा चौथीत सुटली, पण जीभ सुटली नाही. नेरळकडच्या एका पाहुण्यांची दारू चाखून मी म्हटलं होतं, "हिच्यात कुणी चूळ भरलीय, आणि तोही आजारी माणूस होता." लोकांनी पोट धरलं. दुसऱ्या एकांना म्हटलं, "ही बैलाला पाजा, नांगर टाकून भजनाला जाईल." माझ्या भावकीत पोरींच्या मागण्या ठरल्या की लोक आधी मला विचारायला येतात, तुमाला कंदी जमंल? ब्राह्मणाला नंतर विचारतात.

तर माझ्या नातीचं ठरलं. ती खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टच्या ऑफिसात कामाला आहे. तिथंच किचनमध्ये एक पोरगा आहे, नाशिककडचा. तो तिला आवडला. पोरगा बरा आहे. उंचीला जरा आखूड, पण मटण चांगलं करतो, आणि नवऱ्याच्या उंचीपेक्षा त्याचं मटण जास्त दिवस उपयोगी पडतं. माझा मुलगा टेंपो चालवतो, तो बोलत कमी. त्यानं मला एवढंच विचारलं, "दादा, तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "माझं म्हणणं मी अंगणात म्हणंन."

नातीनं त्या लोकांना सांगितलं, आमच्यात मागणीला दारू आणावी लागते. इथपर्यंत सांगितलं. पहिली परत जाते हे सांगितलं नाही. का, ते पुढं येईलच.

मुलाचा बाप द्राक्षाच्या वाइनच्या कारखान्यात कामाला. ऑफिसात नाही, खाली तळघरात लाकडाची पिंपं असतात, त्यांच्यात. आयुष्य गेलं तिथं. मागणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो एकटाच आला. बाकीची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. मी म्हटलं, हा आधी कशाला आला, पोरगी पळून जाईल म्हणून राखण बसायला? तर तो बाटली घेऊन आला होता. मांडीवर टॉवेल, टॉवेलात बाटली, आणि मुरबाडच्या रस्त्यानं सगळे खड्डे त्यानं आपल्या अंगावर घेतले होते. गाडीतून उतरला तो कंबर धरून, पण बाटली उभी.

"बाबा," तो मला म्हणाला, "हिला रात्रभर कुठं तरी अंधारात उभी ठेवू द्या. हलली नाही पाहिजे. जुनी आहे, गाळ असतो. गाळ खाली बसला की उद्या नितळ निघेल."

आमच्या म्हातारीनं भाताच्या कणगीमागचा कोपरा दाखवला. त्यानं तिथं बाटली ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, कुणी हात लावायचा नाही, जवळ पाय आपटायचा नाही. म्हातारी मला हळूच म्हणाली, "बाळंतीण हाय काय ती?"

जेवताना मी त्याला विचारलं, ही कसली वाइन? तो म्हणाला, फ्रान्समध्ये बोर्दो म्हणून मुलूख आहे, तिथल्या रीतीची. दोन-तीन जातींची काळी द्राक्षं, वेगवेगळी आंबवायची, मग एकत्र करायची, पिंपात ठेवायची, मग बाटलीत ठेवायची, मग वाट बघायची.

"किती वाट?"

"पोरगा पहिलीत गेला त्या सालची आहे ही."

मी म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं भाकरीकडं बघितलं. जुना तांदूळ चांगला, हे मला माहीत आहे. जुनं तूप औषधाला लावतात. पण पोरगा पहिलीत गेल्यापासून बाटलीत कोंडलेला रस पिणाऱ्याला मी तोवर बघितलेला नव्हता. बघितले होते ते आमच्या इकडच्या फार्महाउसवाले. मी मधे काही दिवस एका फार्महाउसवर रखवालीला होतो. ती माणसं पेला हातात घेऊन गरगरा फिरवायची, नाक आत घालायची, डोळे मिटायची. मला वाटायचं, आत चिलट पडलंय का बघतात. एकदा तर एक बाई तोंडात घेऊन परत भांड्यात थुंकली. मी तंबाखूची पिचकारी टाकली की माथेरानला हॉटेलवाले माझ्या अंगावर धावायचे. मी हातरिक्षा ओढायचो तेव्हाची गोष्ट. आणि इथं बाई थुंकते तर लोक विचारतात, कशी वाटली?

तर मी जेवता जेवता उद्याचं वाक्य बनवून ठेवलं. जुनी म्हणतोय तर जुनीवरच बसवायचं. म्हटलं हे उद्या टाकलं की भावकी वर्षभर बोलंल. हात धुतले आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. थंडीचे दिवस, शेतात वाल फुलावर, अंगण सारवलेलं, भिंतींना नवा चुना. माणसं दाटीवाटीनं बसली. मुलाच्या बापानं बाटली कणगीमागून आणली, देवाची पालखी आणावी तशी. बूच काढायचा पिळाचा स्क्रू आत घातला आणि हळूहळू ओढायला लागला. जुनं बूच. अर्ध्यात तुटलं. त्याच्या कपाळावर घाम. उरलेलं अर्धं कसंबसं निघालं, थोडा भुगा आत पडला.

आमची म्हातारी मदतीला धावली, चहाची गाळणी घेऊन.

"ती नको, ती नको!" तो असा ओरडला की म्हातारी गाळणी घेऊन उलटी आत गेली.

मग त्यानं आपल्याजवळचं पांढरं पातळ फडकं काढलं, शेजारच्या घरातून आणलेल्या पाण्याच्या काचेच्या जगावर बांधलं, आणि ओतायला लागला. धार करंगळीहून बारीक. दुसऱ्या हातानं मोबाइलची बॅटरी लावून बाटलीच्या गळ्याखाली धरली, गाळ कुठवर आला ते दिसावं म्हणून.

माझा धाकटा भाऊ, तो सगळीकडं असतोच, म्हणाला, "दिवसाढवळ्या बॅटरी! दादा, काय हरवलंय रं ह्यांचं?"

आमच्याकडचे हसायला लागले. माणसं तयार होत होती. मला बरं वाटलं. तापलेल्या तव्यावर भाकरी टाकायची असते.

त्यानं दांडीचा मोठा पेला आणला होता. त्यात तळाला बोटभर ओतली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी पेला घेतला, फिरवला, फार्महाउसवाले फिरवतात तसा, मुद्दाम जास्त. नाक आत घातलं. डोळे मिटले. घोट घेतला आणि गिळून टाकला. मग थोडा थांबलो, कारण थांबावं लागतं. आणि म्हणालो:

"पावनं, ह्यात तुमच्या आज्याचं पायताण कवापासून भिजत घातलं व्हतं? आणि आज्याला तरी इचारलं व्हतं काय?"

आमच्याकडची सगळी माणसं कोसळली. भावानं मांडीवर थाप मारली. बायका आतून हसल्या. माझं मलाच वाटलं, जमलं.

मुलाकडचं कुणी हसलं नाही.

मुलाच्या बापानं माझ्या हातातून पेला घेतला, जगाशेजारी ठेवला. "बरं," म्हणाला. उठला आणि अंगणाबाहेर गेला. मी वाट बघत बसलो, आता दुसरी आणील. तो पेंढ्याच्या उडवीपाशी गेला आणि तिथं आमच्याकडं पाठ करून बसला. झाडाखाली काही झाकलेलं नव्हतं.

तेव्हा त्याची बायको बोलली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "कारखान्यानं कामगारांना एकेक बाटली दिली होती त्या वर्षी. सगळ्यांनी महिन्याच्या आत पिऊन टाकली. ह्यांनी ठेवली. पोराच्या लग्नाला म्हणून. उन्हाळ्यात ओली पोती गुंडाळायचे तिला. मी पंखा मागितला की पंखा नाही, बाटलीला पोती. एकच होती." मग ती आपल्या भावाला म्हणाली, "गाडी काढा. जेवण नको."

माझी नात आतून आली. मी तिला एवढी लाल झालेली कधी बघितली नव्हती.

"आजा, काय बोललास तू?"

"रीतीचं बोललो."

"त्यांना रीत म्हाईतच नाय!"

"मंग तू सांगितली नायस?"

"मला वाटलं वाइनला तू नावं ठेवणार नायस. वाइनला कोण ठेवतं?"

"का? वाइन काय मामलेदारीण लागून गेली?"

"जा, माफी माग."

"मी?"

"नाय, बैल! तूच."

आता हे मी सांगून ठेवतो. मी माफी मागत नाही. लहानपणी मास्तरची मागितली नाही म्हणून चौथीत घरी बसलो. माथेरानला हॉटेलच्या मॅनेजरची मागितली नाही म्हणून रिक्षा गेली. शब्द म्हणजे भाताचं रोप आहे का, उपटलं आणि दुसरीकडं लावलं? मी तिला तेच सांगितलं.

"मंग ऐक," ती म्हणाली. "मी लगीन करीन तर ह्याच्याशी. ही गाडी गेली तर मी तुझ्याशी बोलणार नाय."

"कवापर्यंत?"

"मरंपर्यंत."

"माझ्या का तुझ्या?"

"तुझ्या. ते आधी येईल."

पोरगी माझ्यावरच गेलीय.

भाऊ म्हणाला, कडावला माणूस धाडून दुकानातनं एक इंग्लिश बाटली आणू, पाहुण्यांच्या हातात देऊ, त्यांनी ती आपल्याला द्यावी, झाली दुसरी. मी त्याला गप बसवला. मुलीकडच्यांनी दारू विकत आणून मुलाकडच्यांच्या हातून प्यायची? ही रीत झाली का नाटक? माझा मुलगा माझ्याकडं बघत होता. न बोलणारी माणसं फार बघतात.

मी उठलो, पेंढ्याकडं गेलो. माफी मागायला नाही. बिडी ओढायला. पेंढ्याजवळ बिडी ओढू नये हे मला कळतं, म्हणून नुसतीच हातात धरली.

तो सरकला, मला जागा दिली. आम्ही दोघं समोरच्या डोंगराकडं तोंड करून बसलो. मग तो म्हणाला, "बाबा, मला राग नाही आला."

"मंग?"

"मला भीती होतीच. इतकी वर्षं उन्हाळ्यात घर तापतं आमचं. तळघर नाही ते. दर उन्हाळ्याला वाटायचं, गेली. उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडली की संपली. पहिला घोट तुमचा, म्हणून मी चाखली पण नाही. तुम्ही म्हणालात पायताण. म्हणजे गेली असेल." आणि मग त्यानं मला विचारलं, खालच्या आवाजात, डॉक्टरला विचारतात तसं, "आंबट झालीय का हो? शिरका, व्हिनेगर?"

मी आयुष्यात इतक्या दारूंना नावं ठेवली, पण त्यातलं एकही नाव कुणी खरं मानलं नव्हतं. ह्या माणसानं मानलं. माझं वाक्य त्यानं निकाल म्हणून घेतलं, आणि मी तर धड चव पण घेतली नव्हती. घशाखाली टाकली एवढंच. वाक्य डोक्यात होतं ना.

"पावनं," मी म्हटलं, "आमच्यात पयली परत जाते. चांगली असली तरी जाते. तुमाला कुणी सांगितलं नाय?"

"नाही."

"दुसरी आणलेली असते. ती पिऊन मंग पोरगी देतात."

मला वाटलं आता हसेल. हसला नाही. "म्हणजे तुम्ही खरं नाही सांगितलं."

"रीतीचं सांगितलं."

"मग आता खरं सांगा."

असा चिवट माणूस. मला तो तिथं पहिल्यांदा आवडला.

तो आत जाऊन तोच पेला आणि जग घेऊन आला. मधे चांगलाच वेळ गेला होता. अंगणात माणसं बसूनच होती, मुलाची आई तेवढी गाडीत जाऊन बसली होती. आमच्या बायकांनी मटणाच्या भांड्यावरचं झाकण काढून ठेवलं होतं, त्या वासानं पाहुण्यांची गाडी निघत नव्हती. बायकांना बुद्धी असते ती अशी.

"आधी बघा," तो म्हणाला. पेला तिरका करून त्यानं गोठ्याच्या चुना लावलेल्या भिंतीपुढं धरला. "मधे कसा रंग आहे?"

"लाल. काळपट."

"कडेला?"

कडेला लाल नव्हता. कौलाचा रंग होता, पावसाळे खाल्लेल्या कौलाचा. मी तसं सांगितलं.

"बरोबर. वयाचा रंग आहे. आता वास."

मी नाक घातलं. आणि आता मी खरं लिहितो. सकाळी तिला कोंदट वास होता, पेटीतून काढलेल्या कोटासारखा. आता तो नव्हता. आता पिकून सुकायला लागलेलं करवंद होतं. तंबाखूचं पान सुकवायला टांगतात त्या खोलीचा वास होता. नांगराचं नवं लाकूड तासताना येतो तो होता, पण लांबून. मी एकेक सांगत गेलो, तो मान हलवत गेला.

"हवा लागली की उघडते," तो म्हणाला. "सकाळी ओतल्या ओतल्या तुम्हाला दिली, माझीच चूक. झोपेतून उठवलेल्या माणसाला गाणं म्हण म्हटल्यासारखं झालं. आणि चामड्याचा वास?"

मी परत नाक घातलं. होता की! चांगल्या जोड्याचा, मेणाचं बोट फिरवलेल्या.

"तो जुन्या लाल वाइनला येतो," तो म्हणाला. "चांगल्या जुन्या. तुम्ही पायताण म्हणालात तेव्हा मी घाबरलो, पण वास तुम्ही अचूक पकडलात, बाबा. नाक आहे तुम्हाला."

पायताण मी आदल्या दिवशी भाकरी खाताना बनवलं होतं, बाटलीचा वास घ्यायच्या आधी. ते मी त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. हे त्यानं वाचलं तर वाचो.

"आता तोंडात. गिळू नका लगेच. फिरवा. पाहिजे तर थुंका, जाणकार लोक थुंकतात."

"दुसऱ्यानं दिलेलं आमी थुंकत नाय," मी म्हटलं.

तोंडात फिरवली. जिभेच्या कडेला तुरट लागली, जुन्या सुपारीसारखी. कच्च्या काजूच्या बोंडासारखी ओरबाडत नव्हती. गोड नाही. आंबट होती, पण कैरी नाही, पिकल्या कोकमाएवढी. गिळली. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"थांबा. चव जाऊ द्या. किती वेळ राहते ते बघायचं. हलकी असली तर लगेच जाते, चांगली असली तर रेंगाळते. चव आहे तोवर बोलायचं नाही."

मी थांबलो. चव जाईना. करवंद गेलं, तंबाखू राहिली. तंबाखू जाता जाता सुपारी आली. तेव्हा कुठं मला बोलता आलं.

"शिरका नाय," मी म्हटलं. "जिवंत हाय."

मग त्यानं स्वतः घेतली. पहिला घोट. तांदळात खडा शोधावा तसा तो तोंडातल्या तोंडात तिला चावत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, डोंगराकडं बघितलं. काही वेळानं तो म्हणाला, "उतरलीय थोडी. दोन-तीन सालांपूर्वी उघडायला पाहिजे होती, तेव्हा भरलेली लागली असती. फळ मागं गेलंय. पण मेली नाही. मेली नाही हो." आणि त्यानं रुमालानं नाक पुसलं.

"पोरानं उशीर केला लग्नाला," मी म्हटलं. "माझी नात आधी भेटली असती तर बाटली वेळेत उघडली असती."

आता तो हसला.

मी जग उचलला आणि अंगणात गेलो. तो मागून. सगळे आमच्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "दुसरी आली."

भाऊ लगेच उभा राहिला. "दुसरी कुठं? तोच जग, तीच दारू!"

"पयली परत गेली का नाय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"पेंढ्याकडं."

"आणि तिकडनं कुणी आणली?"

"तू आणलीस, दादा. पावन्यांनी आणायची असते!"

इथं तो मला अडवणार, हे मला दिसलं. मी जग व्याह्याच्या हातात दिला, त्याला बाहेर पाठवला, आणि त्यानं अंगणाच्या कडेवरून परत आत आणला. "आता?" मी भावाला विचारलं.

"पण तीच हाय ना रं!"

"सकाळची पायताण व्हती. ही नाय. वास घे."

त्यानं वास घेतला. त्याच्या नाकाला आयुष्यभर फक्त मोहाची कळली. "मला दोन्ही सारख्याच," म्हणाला. "पण तू म्हणतोस तर असंल वेगळी. मला मटण पाहिजे." आणि बसला. एवढ्यावर रीत टिकली. कुणाला आक्षेप असेल तर त्यानं मला येऊन भेटावं, मी घरीच असतो.

व्याह्यानं पेल्यात ओतली. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. विहीणबाई गाडीतून उतरून अंगणात परत आल्या होत्या, पण बसल्या नव्हत्या. नात दारात उभी होती, ओढणीचं टोक पिरगाळत. मी पेला भिंतीपुढं तिरका धरला. वास घेतला. घोट घेतला, फिरवला आणि गिळला.

आणि थांबलो.

सगळं अंगण माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी काही बोलेना. करवंद होतं अजून. व्याही माझ्याकडं बघत होता, त्याला माहीत होतं, तो एकटाच शांत होता. बाकीच्यांचे चेहरे उतरायला लागले. भाऊ कुजबुजला, "आता परत पायताण म्हणतोय हा." नातीचा हात ओढणीवर थांबला. विहीणबाईंनी पिशवी उचलली. माझ्या तोंडात तंबाखू आली होती. मी बोट वर केलं, थांबा. त्यानं आणखीच बिघडलं. कुणी म्हणालं, ह्याला लकवा झाला का? माझा मुलगा, जो कधी बोलत नाही, तो उभा राहून म्हणाला, "दादा!"

"अवो, बोला की!" म्हातारी आतून ओरडली. "जीभ गिळली काय?"

तंबाखू गेली. सुपारी आली. मी सुपारीची वाट बघत राहिलो, कारण नीट करायचं तर नीट करायचं. ती पण हळूहळू गेली. मग तोंडात काही उरलं नाही, नुसतं आपलं तोंड.

"दिली," मी म्हटलं.